लोहखनिजाच्या डंपचे पुनर्वसन कसे करावे : गोवा आणि दक्षिण कोकणासाठी

गोव्यातील डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत एक टन लोहखनिज काढण्यासाठी साधारणपणे अडीच ते तीन टन माती, चिकणमाती आणि जांभा दगड उपसावा लागला. हा उपसा डोंगरउतारांवर आणि व्हाळांच्या (ओढ्यांच्या) काठांवर रचला गेला, आणि त्यालाच खाणपट्ट्यात सगळे जण ‘डंप’ म्हणतात. सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. पुढे 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि डिसेंबर 2022 पासून नवे पट्टे लिलावाने दिले जाऊ लागले. या सगळ्या काळात खाण चालू असो वा बंद, डंप मात्र प्रत्येक पावसाळ्यात थोडा थोडा वाहत राहिला आणि खालची शेते, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) व ओहोळ भरत राहिले.

हे मार्गदर्शन खाणीवरील पर्यावरण विभागात काम करणाऱ्यांसाठी, पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांसाठी आणि डंपच्या पायथ्याशी शेती असणाऱ्या गावांसाठी लिहिले आहे. त्यातील मुख्य सांगणे एका क्रमात बसते : आधी पाणी, मग उतार, मग माती, मग गवत आणि सर्वांत शेवटी झाड. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी शेवटचे काम आधी होते, कारण रोपांची संख्या अहवालात लिहिता येते आणि वृक्षारोपणाचा फोटो काढता येतो. पाणी व मातीचे काम मात्र मे महिन्याच्या उन्हात करावे लागते आणि जूननंतर ते दिसतही नाही. ज्या डंपवर हा क्रम उलटा झाला, तिथे रोपे आणि पैसा दोन्ही पहिल्या मोठ्या पावसात वाहून गेले आहेत.

कामाला हात घालण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा की हा डंप इथे राहणार आहे का? एकेकाळी लोहाचे प्रमाण कमी म्हणून टाकाऊ ठरवलेला माल पुढे विकण्याजोगा ठरला आणि हिरवे झालेले डंपही पुन्हा उपसले गेले. राज्य सरकारने डंप हाताळणीसाठी स्वतंत्र धोरण आणलेले आहे. त्यामुळे खाण खात्याकडून त्या डंपची स्थिती लेखी घ्यावी. तो उचलला जाण्याची शक्यता असेल, तर तिथे फक्त पाण्याचा बंदोबस्त आणि गवताचे आवरण करावे आणि झाडांचा खर्च कायम राहणाऱ्या डंपसाठी ठेवावा.

दुसरा प्रश्न अंतिम उद्दिष्टाचा आहे. त्या जागी पूर्वी काय होते, हे गावातील वयस्क माणसांना विचारावे, जुने नकाशे व उपग्रहचित्रे पाहावीत आणि जवळच शिल्लक असलेला जंगलाचा एखादा तुकडा, देवराई असली तर उत्तमच, संदर्भासाठी निवडावा. त्या तुकड्यात कोणती झाडे, झुडपे, वेली आणि गवते आहेत, जमिनीवर पालापाचोळ्याचा थर किती आहे, याची नोंद करावी. पुढे आपले काम कुठवर आले हे याच तुकड्याशी ताडून कळेल. डंपच्या माथ्यावर अर्ध-सदाहरित जंगल दहा वर्षांत उभे राहणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावे. मिश्र पानगळीचे जंगल मात्र नक्कीच उभे करता येते, आणि सदाहरित जातींना त्याच्या सावलीत पुढे जागा मिळते.

तिसरे म्हणजे कागद. खाण आराखडा, टप्प्याटप्प्याचा खाण बंद करण्याचा आराखडा, पर्यावरणीय मंजुरीतील अटी आणि दर सहा महिन्यांचे अनुपालन अहवाल हे सगळे मिळवता येतात. मंजुरीची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर असतात, आणि उरलेली माहिती अधिकारात खाण खाते किंवा भारतीय खाण ब्युरो यांच्याकडून मागता येते. खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल आणि ती जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य होईल, अशा स्थितीत तिला आणण्याची अट प्रत्येक पट्ट्यात घालावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी दिला आहे. गावाने आपल्या मागणीत या आदेशाचा उल्लेख जरूर करावा.

पाणी

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर डंपवर वर्षाला सुमारे 30,000 घनमीटर, अर्थात तीन कोटी लिटर पाणी पडते, आणि त्यातले बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते. या पाण्याला वाट आखून दिली नाही, तर ते स्वतःची वाट कोरून काढते.

त्यासाठी सर्वांत आधी डंपच्या वरच्या अंगाला, मूळ डोंगर आणि डंप यांच्या सांध्यावर, आडवा चर काढावा, म्हणजे डोंगराचे स्वच्छ पाणी डंपवर येणारच नाही. बाहेरचे स्वच्छ पाणी आणि डंपचे गढूळ पाणी यांची कधीही भेट होऊ द्यायची नाही, हा नियम सगळ्या आखणीच्या मुळाशी असावा. त्यानंतर डंपच्या पायथ्याभोवती घेराचा चर काढावा. त्याचा आकार अंदाजाने ठरवू नये. समजा पाच हेक्टर डंपवर तासाला 50 मिलिमीटर वेगाने पाऊस कोसळतो आहे आणि त्यातले सत्तर टक्के पाणी वाहून येते. तर चरातून सेकंदाला जवळजवळ अर्धा घनमीटर पाणी जाणार. जेसीबीच्या एका बकेटएवढा काढलेला चर हे पाणी पेलणार नाही. जिथे चराला उतार जास्त आहे, तिथे दगडी पायऱ्या करून पाण्याचा वेग मोडावा, नाहीतर चरच व्हाळ होऊन डंपचा पाय खाऊ लागतो.

पायथ्याची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा जाळीत भरलेल्या दगडांची असावी आणि तिच्यातून पाणी झिरपून जायला वाट असावी. मागे पाणी तुंबलेली पक्की भिंत ही भिंत नसण्यापेक्षा अधिक धोकादायक ठरते. जुलै 2021 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात कळणे येथील खाणीत साठलेले पाणी बांध फोडून खाली उतरले आणि घरे व बागायती चिखलाने भरल्या. डंपवर किंवा खंदकाच्या काठावर अडवलेले पाणी किती आहे, त्याचा सांडवा कुठे आहे आणि तो मोकळा आहे का, हे 15 मेपूर्वी प्रत्यक्ष पाहावे, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पुन्हा पाहावे.

गाळ बसण्याच्या टाक्यांवर मात्र जरुरीपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. वाळूचा कण क्षणात तळाशी जातो. पण 2 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा) मातीचा कण स्थिर पाण्यात तासाला साधारण सव्वा सेंटिमीटरच खाली उतरतो, म्हणजे एक मीटर खोलीच्या टाकीत तळ गाठायला त्याला तीन दिवसांहून अधिक वेळ लागतो. भर पावसात टाकीतले पाणी काही तासांतच पुढे जाते, आणि लोहखनिजाच्या डंपमध्ये अशा बारीक कणांचाच भरणा असतो. ओहोळाला येणारा लाल रंग त्यांचाच आहे. टाक्या बांधाव्यात, एकामागून एक अशा तीन तरी असाव्यात, त्यांतला गाळ दरवर्षी एप्रिलमध्ये काढून पुन्हा ओहोळात जाणार नाही अशा ठिकाणी टाकावा. पण खरा उपाय हा कण मुळात सुटूच न देण्याचा आहे, आणि तो उपाय म्हणजे झाकलेली जमीन.

उतार

टिपरने वरून ओतलेला डंप आपोआप 35 ते 38 अंशांच्या आसपास उभा राहतो. आपल्याकडच्या मंजुरींमध्ये बहुधा एकंदर उतार 28 अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी अट असते. दहा मीटर उंचीसाठी 28 अंश म्हणजे पायथ्याशी जवळपास 19 मीटर पसारा. डंप कोसळू नये यासाठी हा उतार पुरेसा मानला जातो, पण त्यावर माती टिकणे आणि बी रुजणे अवघडच असते. जागा असेल तिथे एकास तीन, म्हणजे दहा मीटरला तीस मीटर, असा उतार करावा. जागा नसेल तर पाच-सहा मीटरांवर रुंद पायऱ्या पाडाव्यात आणि प्रत्येक पायरीचा कल आतल्या बाजूला ठेवावा, जेणेकरून पायरीवरचे पाणी कडेवरून खाली न पडता आतल्या चरातून बाजूला जाईल. पायरीचा कल बाहेरच्या बाजूला राहिला की प्रत्येक सरीत तिची कड फुटते, आणि ही चूक डोझरचा चालक निघून गेल्यावर दुरुस्त करणे फार महाग पडते.

उतारावर समतल रेषा आखायला महागडे यंत्र लागत नाही. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या, वर एकत्र बांधलेल्या, मध्ये एक आडवी काठी आणि शेंड्याला दोरीने टांगलेला दगड असा ‘ए’च्या आकाराचा सांगाडा बांधून, सपाट जागेवर दोन्ही बाजूंनी ताडून आडव्या काठीवर मध्यखूण करून घेतली, की गावातील दोन माणसे दिवसभरात बरीच लांब रेषा आखू शकतात. चर आणि नांगरट नेहमी या रेषेवरच करावी.

माती

डंपची माती ही नावापुरती माती असते. तिच्यात सेंद्रिय कर्ब आणि नत्र जवळजवळ नसते, वरून डोझर आणि टिपर फिरून ती घट्ट दाबली गेलेली असते, आणि उरलेसुरले स्फुरद लोहाच्या ऑक्साइडशी बांधले जाऊन मुळांना मिळेनासे होते. त्यात रासायनिक खत पसरून काहीही होत नाही.

घट्टपणा तपासण्याची सोपी रीत अशी : 15 सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइपचा 30 सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्यावा, लाकडाचा ठोकळा ठेवून तो दहा सेंटिमीटर जमिनीत ठोकावा, आत पाणी ओतून जमीन एकदा भिजू द्यावी आणि मग पाच सेंटिमीटर उंचीचे पाणी भरून घड्याळ लावावे. तासाभरात एक सेंटिमीटरही पाणी मुरले नाही, तर त्या जागी रोप लावण्याआधी जमीन फोडावी लागेल. घनताही मोजावी. सात सेंटिमीटर व्यासाचा आणि दहा सेंटिमीटर उंचीचा लोखंडी नळकांडा मातीत ठोकून काढला, की त्यात सुमारे 385 घनसेंटिमीटर माती येते; ती 105 अंश सेल्सिअसवर पूर्ण वाळवून 650 ग्रॅम भरली, तर घनता घनसेंटिमीटरला 1.7 ग्रॅमच्या घरात गेली आणि अशा मातीत बहुतेक मुळे शिरत नाहीत. इथे एक खबरदारी घ्यावी. लोहखनिज मुळातच जड असल्यामुळे त्याचे खडे आत राहिले, तर माती मोकळी असूनही आकडा फुगतो. म्हणून दोन मिलिमीटरवरचे खडे चाळून काढून त्यांचे वजन व आकारमान दोन्ही वजा करावे. मातीची रासायनिक तपासणी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था किंवा दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्याकडे विचारणा करून घेता येईल.

जमीन फोडण्यासाठी डोझरला रिपर, म्हणजे जमिनीत खोल जाणारा लोखंडी दात, लावून समतल रेषेवर, मीटरभर अंतराने, 50 ते 60 सेंटिमीटर खोल ओळी घ्याव्यात. हे काम माती पूर्ण कोरडी असताना, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये करावे, कारण ओली चिकणमाती फुटत नाही, रिपरच्या दाताने उलट लिंपली जाते. नुसते खड्डे खणून त्यात झाडे लावण्याची पद्धत अशा मातीत घातक आहे : खड्ड्याच्या चारी भिंती घट्ट राहतात, पावसाळ्यात आत पाणी साचते आणि रोपाची मुळे कुजतात.

चालू खाणीत सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे वरची 15 ते 30 सेंटिमीटर माती, कारण तिच्यात बिया, कंद, बुरशी आणि जिवाणू असतात. ती वेगळी काढावी, खालच्या मातीत मिसळू देऊ नये, आणि शक्य असेल तर त्याच हंगामात तयार उतारावर पसरावी. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जर्रा जंगलातल्या बॉक्साइट खाणींत ताजी माती थेट नव्या जागेवर नेण्याची हीच पद्धत वापरून मूळ जंगलातल्या बऱ्याच जाती परत आणल्या गेल्या. साठवावीच लागली तर ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नये आणि त्यावर ताग (हिरवळीच्या खताचे पीक) पेरून ठेवावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि माती मरते. हिशेबही आधीच करावा : एका हेक्टरवर 15 सेंटिमीटर थर म्हणजे 1,500 घनमीटर माती, दहा घनमीटरच्या टिपरच्या दीडशे खेपा. जुन्या डंपांसाठी अशी माती कुठेच शिल्लक नसते, आणि दुसऱ्या डोंगराची माती खरवडून आणणे हा पुनर्वसनाच्या नावाखाली नवा विध्वंस आहे. त्याला कोणीही संमती देऊ नये.

मग माती घडवावी लागते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या डंपवर साखर कारखान्यातला प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांवरची मायकोरायझा बुरशी एकत्र वापरून झाडे उभी केली. तेच तत्त्व इथे लागू होते. हेक्टरी किमान दहा टन शेणखत किंवा चांगले कुजलेले कंपोस्ट, जवळच्या जंगलातल्या मातीची थोडी विरजणापुरती भर, आणि स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट. ते पसरून न टाकता कंपोस्टमध्ये मिसळून मुळांच्या ओळीतच द्यावे. सामू (pH) साडेपाचच्या खाली असेल तर थोडा चुना द्यावा. मायकोरायझाचे महत्त्व लोहखनिजाच्या मातीत विशेष आहे, कारण बांधलेल्या स्फुरदापर्यंत मुळे पोहोचत नाहीत तिथे बुरशीचे धागे पोहोचतात.

गवत आणि आच्छादन

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उतार, चर, रिपिंग आणि खत ही कामे संपलेली असावीत. पहिल्या वळवाच्या सरींपूर्वी गवताचे बी आणि ताग एकत्र पेरावेत व त्यावर वाळलेल्या गवताचा पातळ थर द्यावा. तीव्र उतारावर काथ्याची जाळी खुंट्या मारून घट्ट बसवावी. जाळी जमिनीला टेकलेली नसेल, तर पाणी तिच्याखालून वाहते आणि वरून सगळे ठीक दिसत असताना खाली घळ पडते. म्हणून खुंट्या मीटरपेक्षा जास्त अंतरावर नकोत आणि जाळीचा वरचा काठ चरात पुरलेला असावा. जाळी दोनेक वर्षांत कुजून जाते. तोवर मुळांनी तिची जागा घेतलेली असते.

समतल रेषांवर वाळ्याची ठोंबे 10 ते 15 सेंटिमीटर अंतराने लावावीत. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात आणि ठोंबांच्या ओळीमागे गाळ अडतो. मधल्या पट्ट्यांसाठी त्याच पंचक्रोशीतल्या माळांवरचे गवत घ्यावे. कुसळीसारख्या गवतांचे बी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकते. गावातील महिला बचत गटांना ते गोळा करण्याचे काम आणि योग्य मोबदला द्यावा, आणि बी कोरड्या जागी ठेवून पुढच्या मेमध्ये वापरावे. बाजारात मिळणारी परदेशी, झपाट्याने पसरणारी गवते मोहात पाडतात, पण ती पुढे स्थानिक जातींना वर येऊ देत नाहीत आणि उन्हाळ्यात आगीला इंधन पुरवतात. ताग फुलावर आला की कापून तिथेच पसरावा. उतारावर तो गाडण्यासाठी नांगर घालू नये.

पहिल्या पावसाळ्यात झाडे लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एक वर्ष फक्त गवताला द्यावे. त्या वर्षात पाणी कुठे फुटते, कुठे तुंबते, कोणती पायरी खचते हे दिसून येते आणि रोपे लावण्याआधी दुरुस्ती करता येते.

झाडे

गोव्यातील जुन्या डंपांवर प्रामुख्याने ऑस्ट्रेलियन अकेशिया, सुरू आणि काजू लावले गेले. अकेशिया निकस मातीतही जगतो आणि लवकर सावली करतो हे खरे. पण त्याची जाड पाने सावकाश कुजतात, खाली फारसे काही उगवत नाही आणि पक्ष्यांना त्यात फळ मिळत नाही. अशा जुन्या लागवडी एकदम तोडू नयेत, कारण उघडा पडलेला उतार पुन्हा धुपतो. चौथा-पाचवा हिस्सा झाडे, समतल पट्ट्यांत, काढून तिथे स्थानिक रोपे लावावीत, ती वाढीला लागल्यावर पुढचे पट्टे काढावेत, आणि कापलेल्या झाडांच्या फांद्या उतारावर आडव्या टाकून गाळ अडवावा.

नव्या लागवडीत पहिली फळी कणखर जातींची असावी : चांदाडा, किंजळ, ऐन, कुडा, आसाणा, शिमटी, खैर, करंज, पांगारा. यांतील खैर, करंज आणि पांगारा नत्र स्थिर करतात. झुडपांशिवाय जंगल होत नाही, आणि रोपवाटिका झुडपे तयारच करत नाहीत, म्हणून करवंद, मुरुडशेंग, धायटी, दिंडा आणि उक्षी यांची रोपे आगाऊ मागणी करून वाढवून घ्यावीत. पायथ्याशी व ओलाव्याच्या जागी उंबर, जांभूळ, करमळ, कुंभा आणि माणगा बांबू लावावेत. नाणा, बिबला आणि सदाहरित जाती तीन-चार वर्षांनी, सावली झाल्यावर आणाव्यात.

बी त्याच खोऱ्यातले, निदान दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांवरून घेतलेले असावे. जांभळाचे बी वाळले की मरते, म्हणून जूनमध्ये फळ पडताच पेरावे. ऐनाच्या पंखांच्या फळांतून उगवण मुळातच कमी होते, तेव्हा ती दोन दिवस भिजवून, गरजेच्या दुप्पट-तिप्पट पेरावीत. रोप निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पिशवीत काढलेले, कणखर असावे. मुळांचा पिशवीत गुंडाळा झालेला असल्यास ती कापून मोकळी करावीत. जमीन पूर्ण भिजल्यावर, जूनच्या अखेरीस ते जुलैच्या मध्यापर्यंत, रिपरच्या ओळींवर लागवड उरकावी. तीन मीटर बाय तीन मीटर अंतराने हेक्टरी 1,111 रोपे बसतात. खूप दाट लावण्यापेक्षा त्याच पैशात या रोपांची तीन वर्षे नीट राखण केलेली मी अधिक मोलाची मानतो.

मोकळ्या जागांत अधूनमधून फांद्या असलेले उंच बांबू रोवावेत. बुलबुल, साळुंक्या त्यांवर बसतात आणि जंगलातून आणलेल्या बिया खाली टाकतात. पुढे बांबूंच्या बुडाशी न लावलेली रोपे उगवू लागली, की त्यांच्याभोवती दगडांचे कडे करून खूण ठेवावी, नाहीतर निंदणीत ती कापली जातात.

राखण

जानेवारी ते मे हे महिने आगीचे. वस्ती आणि रस्त्याच्या बाजूने चार-पाच मीटर रुंद पट्टा डिसेंबरमध्येच गवत कापून मोकळा करावा. गुरांना पूर्ण बंदी घातली आणि बदल्यात काही दिले नाही, तर कुंपण टिकत नाही. त्यापेक्षा पहिली तीन वर्षे मोकळी चराई बंद ठेवून गवत कापून न्यायची मुभा गावाला द्यावी. चारा गावाला मिळतो आणि आगीचे इंधनही कमी होते. रानमोडी आणि घाणेरी फुलावर येण्यापूर्वी मुळासकट काढावीत. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाच्या बुडाशी आच्छादन द्यावे आणि शक्य तिथे आठवड्याला एकदा पाणी द्यावे. राखणदार पायथ्याच्या गावातलाच असावा.

खंदक, शेते आणि चिरेखाणी

बंद खाणीचा खंदक पाण्याने भरतो आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर अनेक गावांची नजर असते. निदान एक काठ सपाट उताराचा करून घ्यावा, बाकी काठांना कुंपण घालावे, आणि पाणी पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी सोडण्यापूर्वी लोह, मँगनीज आणि गढूळपणा यांची तपासणी करावी. खाली खनिज शिल्लक असल्याचे धरले जाते तोवर खंदक बुजवायला परवानगी सहसा मिळत नाही. ती मिळत असेल तर डंप परत खंदकात भरण्यासारखा चांगला उपाय नाही.

गाळ आलेल्या भातशेतीत आधी वरून येणारा गाळ थांबवावा, मगच शेताला हात लावावा. थर बोटभर असेल तर तो नांगरून भरपूर शेणखत आणि ताग घातल्याने दोन-तीन हंगामांत जमीन सुधारते. वीतभर असेल तर तो उचलावाच लागतो, आणि तो उचलण्याचा खर्च शेतकऱ्यावर पडता कामा नये.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील चिरेखाणींची गोष्ट वेगळी आहे. तिथे तळ कातळाचा असतो. चिऱ्यांचा चुरा आणि बाजूला ठेवलेली माती यांचा दोन-तीन फुटांचा थर दिल्याशिवाय झाड धरत नाही. आणि सभोवती मूळचा सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, असेल, तर तिथे झाडे लावूच नयेत. सड्यावरची पावसाळी फुले, गवते आणि उथळ पाण्याच्या खळग्यांतले जीवन हेच त्या जागेचे मूळ रूप आहे, त्यांतल्या कित्येक जाती जगात इतरत्र सापडत नाहीत, आणि सावली त्यांना मारते.

मोजमाप आणि पैसा

जगलेली रोपे पहिल्या ऑक्टोबरमध्ये मोजू नयेत. दुसरा उन्हाळा संपल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजावीत. झाडांसाठी दहा मीटर बाय दहा मीटरचे आणि गवत-झुडपांसाठी एक मीटर बाय एक मीटरचे कायमचे चौकोन आखावेत, ठरलेल्या जागेवरून दरवर्षी त्याच महिन्यात फोटो घ्यावा आणि तीन गोष्टी नोंदवाव्यात : किती टक्के जमीन झाकलेली आहे, आपण न लावलेल्या किती जाती उगवल्या आहेत, आणि मातीत सेंद्रिय कर्ब किती वाढला आहे. पाइपची चाचणी त्याच जागांवर दरवर्षी करावी. मोठ्या पावसाच्या दिवशी डंपच्या वरच्या ओहोळातले आणि शेवटच्या टाकीनंतरचे पाणी एकाच वेळी घेऊन, गाळून, वाळवून त्यातला गाळ तोलावा. दोन्ही आकड्यांतला फरक दरवर्षी कमी होत गेला पाहिजे.

कोळसा आणि अणुखनिजे सोडून इतर खनिजांच्या नियमांनुसार खाणधारकाला खाणकामाच्या क्षेत्रापोटी आर्थिक हमी द्यावी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर ती ‘अ’ वर्गाच्या (मोठ्या, यांत्रिक) खाणींसाठी हेक्टरी पाच लाख आणि ‘ब’ वर्गासाठी (उरलेल्या खाणी) तीन लाख रुपये आहे. उताराची मांडणी, माती, जाळी, लागवड आणि निदान पाच वर्षांची राखण यांचा प्रामाणिक हिशेब मांडून तो या रकमेशी ताडून पाहावा आणि फरक कोण भरणार हे खाण बंद होण्यापूर्वी, अंतिम आराखडा मंजुरीला जाताना, लेखी मागावे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी 2015 च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित गावांसाठीच आला आहे. शेतातील गाळ काढणे आणि ओहोळांची दुरुस्ती यांसाठी ग्रामसभेचा ठराव करून तो मागता येतो. ठरावाला वरील नोंदी, फोटो आणि गाळाचे आकडे जोडावेत, आणि कामाचा प्रत्येक हप्ता लावलेल्या रोपांच्या संख्येवर न देता झाकलेली जमीन, जगलेली रोपे आणि घटलेला गाळ या तीन आकड्यांवर द्यावा, अशी अट करारातच घालून घ्यावी.